ओल्या इंधनाचा दोष

गीतेच्या अठराव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो की, आपलं सहज कर्म सदोष असलं तरी टाकू नये; हाती घेतलेल्या प्रत्येक कामाला दोष वेढूनच असतो, अग्नीला धूर वेढतो तसा. पुण्यात संस्कृत शिकवताना हा श्लोक मी बी.ए.च्या वर्गाला समजावून देत असे. आणि त्याच वर्गाला अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हा न्यायशास्त्राचा ग्रंथ शिकवताना सांगत असे की, अग्नी आहे एवढ्यावरून धूर असलाच पाहिजे असं म्हणता येत नाही. दोन्हींचे पेपर वेगळे, त्यामुळे या दोन विधानांची गाठ कुणाला घालावी लागली नाही. ती पडली निवृत्तीनंतर, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, लेकीच्या घरासाठी लाकडाची शेगडी निवडताना.

लेकीचं घर व्हाइट रिव्हरच्या खोऱ्यात, उतारावर आहे. जानेवारीत पारा उणे पंचविसापर्यंत उतरतो. तळघरात तेलावर चालणारी भट्टी आहे, पण टाकी भरलेली असली तरी ती वीज असेल तरच चालते. पाऊस झाडांवर पडता पडता गोठतो, त्या भाराने फांद्या मोडून तारांवर येतात, वीज जाते, आणि तेल असून घर गार पडत जातं. जावयाचं म्हणणं सरळ होतं: दोन दिवस घर तापलं नाही तर नळ गोठून फुटतील, घरात म्हातारी माणसं आहेत, विजेवाचून पेटेल असा विस्तव हवा. लेक फुफ्फुसांच्या आजारांची डॉक्टर. तिचं म्हणणंही तितकंच सरळ होतं. थंडीच्या रात्री गार हवा खोऱ्याच्या तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं, आणि धुराड्यातून निघालेला धूर वर न जाता खालच्या घरांवर पसरून राहतो. खालच्या घरात दम्याचा मुलगा आहे. अडीच मायक्रॉनहून बारीक कण छातीत किती खोल जातात, हे ती रोज कामावर पाहते. "आई, तो धूर आपला असेल," ती म्हणाली.

घरात जुनी लोखंडी शेगडी होतीच, कुठलेही नियम येण्यापूर्वीची. ती पेटवायची नाही एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं. पुढे काय करायचं, यावर होत नव्हतं.

अशा वेळी गीतेतला तो श्लोक फार लवकर मदतीला धावून येतो. दोष तर सगळ्याच कर्मांना असतो, मग आपल्या शेगडीलाही असणार, पेटवा. हे मी कितीतरी चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल ऐकलं आहे, गणपतीतल्या ध्वनिक्षेपकांबद्दल ऐकलं आहे, काम व्हावं म्हणून द्यावी लागणाऱ्या पाकिटाबद्दलसुद्धा ऐकलं आहे. श्लोकाचा असा वापर मला सहन होत नाही. रणांगणावर हातपाय गळालेल्या माणसाला उभं करण्यासाठी सांगितलेलं वाक्य आपण आरामखुर्चीत बसून स्वतःला माफ करण्यासाठी वापरतो.

शेगड्यांचं दुकान चालवणाऱ्या बाई साठीच्या असतील. घर किती मोठं, पैसे किती, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, "तुमचं लाकूड कधी तोडलेलं आहे?" जावई म्हणाला, शेगडी घेतली की लाकूड मागवू. त्या म्हणाल्या, "आधी लाकूड मागवा. फोडा, रचा, वर्षभर वारा लागू द्या. ओल्या लाकडावर महागातली महाग शेगडीसुद्धा धूरच करणार."

मला तिथेच अन्नंभट्ट आठवला. नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण असं: डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे हे आपण ओळखतो, जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. हे अनुमान पक्कं. आता ते उलटं करून पाहा. डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असणार. हे टिकत नाही, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. मग स्वयंपाकघरात धूर आला कुठून? ओल्या इंधनाचा संयोग झाला म्हणून. जिथे जिथे धूर तिथे तिथे ओलं इंधन असतं. पण जिथे जिथे अग्नी तिथे तिथे ते असेलच असं नाही. अशा बाहेरून येऊन चिकटलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. आठल्ये आणि बोडस यांनी १८९७ साली काढलेल्या 'तर्कसंग्रहा'च्या आवृत्तीवर आमच्या पिढ्या शिकल्या, आणि ओल्या इंधनाचं हे उदाहरण प्रत्येकाने घोकलं.

गीतेचा दृष्टान्त आणि न्यायाचा उपाधी शेजारी ठेवले की प्रश्न असा उभा राहतो: माझ्या कर्माला वेढणारा हा दोष कर्माच्या पोटातला आहे, की मी त्यात घातलेल्या ओल्या लाकडाचा आहे? कृष्णाने कर्म टाकू नकोस म्हटलं. लाकूड वाळवू नकोस, असं म्हटलेलं नाही. जो दोष उपाधीमुळे येतो तो सहज दोषाच्या नावावर खपवणं ही लबाडी आहे, आणि धार्मिक माणसांच्या हातून ती फार होते असं मला वाटतं.

सदाशिव पेठेत आमच्याकडे आंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब होता. वखारीत गेली की आई दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघायची. खणखणीत वाजल्या तर घ्यायची, बद्द वाजल्या तर परत टाकायची, मग वखारवाला काही म्हणो. इथे त्या कामाला दोन सुयांचं ओलावामापक यंत्र मिळतं. ढलपी नव्याने फोडायची, आतल्या ताज्या बाजूवर सुया टोचायच्या, आकडा २० टक्क्यांच्या आत आला तर ते लाकूड जाळण्याजोगं. बाहेरच्या बाजूवर टोचलं तर आकडा फसवतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकतं, आणि एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. तेवढी आच घराला मिळत नाही. शिवाय जाळ थंड पडतो आणि लाकडातले वायू न जळताच धुराड्यात जातात, तिथे काजळीचा डांबरी थर धरतो, आणि एखाद्या दिवशी तो थरच पेटतो. मेपल आणि बीच साधारण एका वर्षात वाळतात. ओकला दोन उन्हाळे द्यावे लागतात.

ओकला दोन उन्हाळे द्यायचे म्हणजे दोन हिवाळे आधी विचार करून ठेवायचा. दोष टाळण्याचं काम इतकं आधी सुरू होतं हे मला महत्त्वाचं वाटतं. थंडी पडल्यावर हातात ओली ढलपी घेऊन उभ्या असलेल्या माणसापुढे खरोखरच पर्याय नसतो. त्या क्षणी तो गीतेचा श्लोक म्हणू शकतो. पण तो क्षण त्याने दीड वर्षापूर्वी घडवलेला असतो.

पारशी धर्माने ही गोष्ट प्रार्थनेतच घातली आहे. आतश न्यायेश या अग्नीच्या प्रार्थनेत अग्नी माणसाकडून जे लाकूड अपेक्षितो ते वाळलेलं आणि उजेडात पारखलेलं असावं असं आहे. अग्यारीत मोबेद, म्हणजे पुजारी, दिवसाच्या पाचही प्रहरांना अग्नीला लाकूड वाहतात, तोंडावर पांढरं पदान बांधून, कारण माणसाचा श्वासही अग्नीला लागू नये. परधर्मीयांना आत प्रवेश नसतो, त्यामुळे नाना पेठेतल्या अग्यारीवरून मी आयुष्यभर बाहेरूनच गेले. तरी सरपण उजेडात पारखून घेण्याची ती अट मला पूजेइतकीच पवित्र वाटते. पूजा कशाने करायची हे ज्याने आधी पारखलं, त्याची निम्मी पूजा तिथेच झाली.

मात्र इथे अन्नंभट्टाच्या एक पाऊल पुढे जावं लागतं, कारण वाळलेलं लाकूडही धुमसतं. धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. लाकूड तापलं की त्यातून वायू आणि डांबरासारखे अंश सुटतात. लाकडातल्या उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग त्यांच्यात असतो. ते जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस आच लागते आणि ताजी हवा लागते. म्हणजे ओल, कोंडलेली हवा आणि अपुरी आच, असे धुराचे तीन उपाधी झाले, आणि नव्या शेगड्यांची सगळी घडण यांतल्या शेवटच्या दोघांना काढून टाकण्यासाठी आहे. एका प्रकारात जाळाच्या वरच्या अंगाला नळ्या असतात. त्यांतून तापलेली हवा सुटते आणि वर निघालेला धूर तिथेच पेट घेतो. दुसऱ्या प्रकारात चिनीमातीची जाळीदार वडी असते, तिच्यावर प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा लेप असतो. तिच्यातून जाताना धूर २६० अंशांच्या आसपासच जळायला लागतो. या वडीला उत्प्रेरक म्हणायचं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शेगड्यांसाठी पहिले नियम १९८८ साली केले. त्याआधीच्या शेगड्या तासाला १५ ते ३० ग्रॅम कण सोडत. २०२० पासून विकायच्या नव्या शेगडीला मर्यादा आहे तासाला २ ग्रॅमची. खऱ्या सरपणावर चाचणी घेतली तर अडीच. हा आकडा प्रयोगशाळेतला, वाळलेल्या लाकडाचा. घरी ओलं लाकूड घातलं की प्रमाणपत्राला काही अर्थ राहत नाही.

जावयाचा डोळा सगळ्यात मोठ्या शेगडीवर होता. बाईंनी नको म्हटलं. मोठी शेगडी पेटली की घर नकोइतकं तापतं, मग माणसं तिची हवा कोंडतात, आणि लाकूड रात्रभर धुमसत राहतं. गरजेहून मोठ्या घेतलेल्या शेगड्या खोऱ्याला धूर देतात, असं त्यांनी अनुभवाने सांगितलं. मला तिथे चौथा उपाधी दिसला, आणि तो लाकडात नव्हता.

आम्ही मध्यम आकाराची, शंखजिऱ्याच्या दगडाची, उत्प्रेरक असलेली शेगडी घेतली. हा दगड हळूहळू तापतो आणि जाळ विझल्यावरही कितीतरी तास ऊब देतो, त्यामुळे रात्री हवा कोंडून लाकूड पुरवण्याचा मोह होत नाही. रंग दिलेली फळी, प्लॅस्टिक, चकचकीत छापलेले कागद यांतलं काहीही आत जाता कामा नये. त्यांनी उत्प्रेरक निकामी होतो. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी पेलेट शेगडी स्वच्छ जळते, पण बहुतेकींना वीज लागते, आणि आमची अडचण तिथूनच सुरू झाली होती.

ह्यांचं मत पहिल्यापासून वेगळं होतं. सगळी नोकरी वीज खात्यात झालेली. ते म्हणाले, उष्णता-पंप बसवा, जोडीला बॅटरी ठेवा, धूर नको आणि झाड तोडणं नको. त्यांचं बरंचसं खरं होतं. चांगला पंप एक युनिट विजेवर दोन-तीन युनिट उष्णता घरात आणतो. तो बसवलाही, आणि थंडी बेताची असते तेव्हा तोच चालतो. पण "धूर नाही" या शब्दांवर मी अडले. हा तर नैयायिकांचा तापलेला लोखंडी गोळा. त्यात अग्नी आहे आणि धूर नाही, हे मान्य. पण तो गोळा कुठल्या भट्टीत तापला? त्या भट्टीत धूर नव्हता का? व्हरमाँटला लागणाऱ्या विजेचा मोठा वाटा कॅनडातल्या क्यूबेकच्या धरणांमधून येतो. जेम्स बे प्रकल्पाच्या जलाशयांखाली क्री लोकांच्या शिकारीच्या जमिनी गेल्या, आणि बुडालेल्या जमिनीमुळे तिथल्या माशांमध्ये पारा वाढला. कोयनेच्या, उजनीच्या पाण्याखाली कुणाची गावं गेली हे ज्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तळघरातलं तेल जिथून येतं ती भट्टी तर आणखी दूर.

न्यायशास्त्रात धूर हा दोष म्हणून येत नाही. तो तिथे लिंग आहे, खूण आहे, न दिसणाऱ्या अग्नीपर्यंत नेणारा. आपला धूर दूरच्या माणसाच्या डोळ्यांत जायला लागला की आपल्या हातातली ती खूण जाते, आणि मग मन निर्दोष असल्यासारखं वागतं. लाकडाची शेगडी निवडण्याच्या बाजूने माझं सगळ्यात मोठं कारण हेच होतं: तिचा दोष आपल्या अंगणात राहतो. सरपणाची रास दिसते, झाडाचा बुंधा दिसतो, राख आपणच काढतो, धुराड्याकडे मान वर करून बघता येतं. ज्याला आपण ऊब म्हणतो त्याची किंमत मोजणारा कोण, हे शोधायला प्रवास करावा लागत नाही. खालच्या घरी जाऊन मुलाच्या आईला विचारता येतं. आम्ही विचारतो. हवा खोऱ्यात अडकून राहील असा अंदाज असला आणि वीज असली, तर त्या रात्री शेगडी पेटवायची नाही, हा लेकीचा नियम आहे.

इतकं केल्यावर जो उरतो, तो खरा सहज दोष. लाकूड कितीही वाळवा, झाड मेलेलंच असतं. आणि उत्प्रेरकातून जाऊन धुराचा जो कार्बन डायऑक्साइड झाला तो डोळ्यांना दिसतच नाही. त्याच्याबाबत प्रत्यक्ष आणि अनुमान दोन्ही थकतात आणि जाणत्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

जैनांच्या भगवतीसूत्रात कालोदायी महावीरांना विचारतो: एक माणूस अग्नी पेटवतो, एक विझवतो, अधिक कर्मबंध कुणाला? जैन विचारात अग्नीलाही जीव आहे, त्यामुळे वाटेल की विझवणाऱ्याला. महावीर सांगतात, पेटवणाऱ्याला. कारण पेटवताना पृथ्वी, पाणी, वारा, वनस्पती आणि हलत्याफिरत्या जीवांची अधिक हिंसा होते. विझवणाऱ्याच्या माथीही काही येतंच. मला या उत्तरातला प्रामाणिकपणा आवडतो. कुणालाही पूर्ण सोडलेलं नाही, आणि तरी दोघांना एका मापाने मोजलेलं नाही. दोष सगळीकडे आहे म्हणून कमी-जास्त पाहायचंच नाही, हा आळस तिथे नाही.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या पाच वधस्थानांची नावं आहेत: चूल, जातं, केरसुणी, उखळ, पाण्याचा घडा. या ग्रंथाचं नाव घेताना २५ डिसेंबर १९२७ ला महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेलं त्याचं दहन आठवतं, आणि आठवायलाच हवं. ज्या घरांच्या चुलींना त्या ग्रंथाने माणसाची प्रतिष्ठा नाकारली, त्यांचा हिशेब पाच यज्ञांनी फिटत नाही. तरीही चूल हे वधस्थान आहे हे घरातल्या सगळ्यात उबदार जागेबद्दल म्हणायला धाडस लागतं. त्यावर सांगितलेला पाच यज्ञांचा उपाय रोजचा आहे: स्वाध्याय, तर्पण, होम, प्राण्यांसाठी बळी, अतिथीला अन्न. चूल बंद करा असं सांगितलेलं नाही, आणि एकदा प्रायश्चित्त घेऊन मोकळे व्हा असंही नाही. माझी आजी पहिला घास कावळ्याला ठेवायची, आणि तो कशासाठी हे तिला कुणी विचारलं तर सांगायची की आपण जेवतो म्हणून.

व्हरमाँटमध्ये याचा अर्थ लावायचा तर रानाकडे बघावं लागतं. एकोणिसाव्या शतकात मेंढपाळीसाठी या राज्यातलं बहुतेक रान तोडून झालं होतं. याच भागातल्या वुडस्टॉक गावात जन्मलेल्या जॉर्ज पर्किन्स मार्श यांनी उघडे पडलेले डोंगर पाहिले, आणि माणूस निसर्गाची किती हानी करू शकतो यावर १८६४ साली मोठा ग्रंथ लिहिला. आज राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पुन्हा रानाखाली आहे. म्हणजे झाड परत येतं, पण एका आयुष्याच्या मापात नाही. एका रात्रीत जाळलेल्या ओंडक्याचा कार्बन नवं झाड कित्येक दशकांनी परत घेतं. तोवर ते ऋण आहे, आणि ते फेडणारे कदाचित आम्ही नसू.

आम्ही जाळतो ते बहुतेक ॲशचं लाकूड. पूर्व आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा २०१८ साली व्हरमाँटमध्ये सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी वाटा कोरतात आणि झाड वाळतं. सरपणातूनच तो लांब लांब पसरतो, म्हणून लाकूड जवळच्या रानातलंच घ्यायचं असं सगळीकडे बजावून सांगतात. जावई म्हणतो, हे झाड मरणारच होतं, मग यात आपला दोष कसला? मला हे पटत नाही. मेलेलं झाड रानात काही वर्षं उभं राहतं, सुतारपक्षी त्यातल्या अळ्या खातो, पोकळीत कुणी घरटं करतं, मग ते पडून कुजतं आणि मातीत जातं. झाड आपल्यासाठी मेलेलं असतं. त्या सगळ्यांसाठी ते चालू असतं. म्हणून लाकूडतोड्याशी बोलून आम्ही ठरवलं की वाटेच्या कडेची वाळलेली झाडं न्यायची, कारण ॲश वाळलं की ठिसूळ होतं आणि माणसावर पडू शकतं, आणि आतली तशीच उभी सोडायची. त्यामुळे सरपण कमी पडलं तर विकत घ्यावं लागतं. ह्यांनी वहीत त्याचा खर्च वेगळ्या रकान्यात मांडला आहे आणि वर "बळी" असं लिहिलं आहे. आजीच्या कावळ्याच्या घासाला आमच्या घरी तोच शब्द होता.